प्लेटवर धावतो, फ्लास्कमध्ये गोळा होतो: मुक्तजीवी अमीबांचे मीडिया

शेवाळ | सोम, रात्री १०:१२

अकँथामीबाच्या (माती-पाण्यात राहणारा एक मुक्तजीवी अमीबा) कल्चरसाठी धागा काढतोय. नमुने तीन प्रकारचे: कुंडीतली माती, विहिरीचं पाणी आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीतलं द्रावण. नॉन-न्यूट्रिएंट अगर (पुढे एनएनए), त्यावर ई. कोलायचा थर, ३० अंश. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमीबा दिसू लागतात, आठवड्यात प्लेट भरते. इथवर तक्रार नाही.

तिथून पीवायजीत (पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ग्लुकोजचं द्रव मीडियम) न्यायचं म्हटलं की दोनातलं एक ठरलेलं. एक तर ४८ तासांत मीडियम ताकासारखं गढूळ होतं. नाहीतर ते स्वच्छ राहतं, पण अमीबा गोल होऊन तळाशी बसतात. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीचंच: मिलीला १०० युनिट आणि १०० मायक्रोग्रॅम. शिवाय ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर बाटलीच्या बुडाशी पांढरा साका असतो, तो वेगळाच.

चूक मीडियमची, की प्लेटवरून उचलण्याची? जाणकारांनी प्रमाणांसकट लिहावं.

नळस्टॉप | सोम, रात्री ११:३०

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. साका रसायनांमुळे येतो, गढूळपणा जिवाणूंमुळे, आणि गोल होणं हे अमीबाचं स्वतःचं म्हणणं आहे. पण सुरुवात प्लेटपासून करतो, कारण पीवायजीत बिघडणारं बरंचसं प्लेटवरच बिघडलेलं असतं.

एनएनएमध्ये अन्न नसतं, आणि तीच त्याची करामत. जिवाणूंना वाढायला काही मिळत नाही, त्यामुळे आपण पसरलेला थर जेवढ्यास तेवढा राहतो आणि अमीबा तो चरत पुढे सरकतात. त्या थरासोबत न्यूट्रिएंट ब्रॉथचा एक थेंब जरी आला तरी हा हिशोब कोलमडतो. नमुन्यातले परके जिवाणू माजतात, मागोमाग बुरशी येते. म्हणून ई. कोलाय ब्रॉथमधून उचलायचाच नाही. न्यूट्रिएंट अगरच्या स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेलं अगर) ३७ अंशांना रात्रभर वाढवा, २-३ मिली पेज सलाइनमध्ये खरवडून घ्या आणि त्यातले २-३ थेंब प्लेटवर पसरा. थर दुधाळ पण पातळ हवा. साय धरल्यासारखा जाड झाला तर खाली अमीबा आहेत की नाहीत तेच दिसत नाही.

पेजच्या सलाइनचं प्रमाण १ लिटर डिस्टिल्ड पाण्याला असं: सोडियम क्लोराइड १२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ४, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १४२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १३६. पीएच ६.८ ते ६.९ च्या आसपास आपोआप येतो. फार हलला तर वजन चुकलंय, ॲसिड-अल्कली घालून दुरुस्त करत बसू नका.

४ मिलिग्रॅम दर वेळी कोण तोलणार? म्हणून दोन स्टॉक करून ठेवायचे. पहिल्यात ५०० मिलीला सोडियम क्लोराइड १२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.४, कॅल्शियम क्लोराइड ०.४. दुसऱ्यात ५०० मिलीला डायसोडियम फॉस्फेट १४.२ ग्रॅम आणि पोटॅशियम फॉस्फेट १३.६. लिटरला दोन्हीतले ५-५ मिली. हे दोन स्टॉक एका बाटलीत ओतून 'एकच स्टॉक' करण्याचा मोह आवरा. इतक्या तीव्रतेला कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसतात. फॉस्फेटचा स्टॉक फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीत त्यातून स्फटिक पडतात आणि वरच्या पाण्यात फॉस्फेट कमी भरतं.

बाटलीवरचं लेबलही नीट वाचा. १४२ मिलिग्रॅम हा आकडा निर्जल मिठाचा आहे. कपाटात डायहायड्रेट असेल तर १७८ घ्यावं लागतं, डोडेकाहायड्रेट असेल तर ३५८. तिन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात 'डायसोडियम फॉस्फेट' एवढंच ठळक असतं, आणि चूक तिथेच होते.

या सलाइनमध्ये १.५ टक्का अगर घातला की एनएनए झालं. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २० ते २५ मिली ओता. पिशवीत बंद करून ४ अंशांना ठेवल्या तर तीनेक महिने टिकतात. वापरण्याआधी अर्धा तास ३७ अंशांना ठेवून वरचं पाणी सुकवा. ओल्या पृष्ठभागावर अमीबा चालत नाहीत, तरंगतात.

इन्व्हर्टेड | मंगळ, सकाळी ८:०५

नळस्टॉप, सुंदर प्रतिसाद. यात प्लेट कशी वाचायची याची भर घालतो, कारण पुष्कळ प्लेट 'निगेटिव्ह' म्हणून फेकल्या जातात त्या चुकीच्या जागी बघितल्यामुळे.

नमुना ठेवलाय तिथे बघू नका. तिथे माती, शेवाळं, मेलेल्या पेशी असा सगळा बाजार असतो. थराच्या कडेकडे जा. प्लेट उलटी न करता १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली घ्या, कंडेन्सरचा पडदा बराचसा मिटवा. मिटवला नाही तर अमीबा काचेसारखा पारदर्शक राहतो आणि नजर त्याच्या आरपार जाते. आधी दिसतो तो माग: रांगोळीवरून मुंगी गेल्यावर उमटावा तसा दुधाळ थरातून गेलेला स्वच्छ, वेडावाकडा पट्टा. पट्ट्याच्या टोकाशी प्राणी. आत एक गोल बुडबुडा हळूहळू फुगतो आणि एकदम मिटतो, मिनिटभरात पुन्हा फुगू लागतो. ती आकुंचनशील रिक्तिका. हा बुडबुडा मिटताना दिसला की तो परागकण नाही, यीस्ट नाही, डोळ्यातून खरवडून आलेली पांढरी पेशीही नाही.

अकँथामीबाच्या अंगावरून काट्यांसारखे बारीक पाय निघतात आणि चाल अगदी संथ असते. एकाच बाजूने अंग फुटल्यासारखं भसकन पुढे येत असेल तर तो नेग्लेरिया किंवा वाल्कम्फियाच्या कुळातला. सिस्ट (भिंत बांधून आत झोपलेला अमीबा) बघा. अकँथामीबाची सिस्ट दुहेरी भिंतीची, आतली भिंत चांदणीसारखी किंवा बहुकोनी. पुसार आणि पाँ यांनी १९७७ मध्ये याच आकारांवरून या वंशाचे तीन गट पाडले. नेग्लेरियाची सिस्ट गोल आणि गुळगुळीत.

पहिला आठवडा प्लेट रोज बघा, निगेटिव्ह म्हणायला १४ दिवस द्या. कडा पॅराफिल्मने बंद. पावसाळ्यात कोकणपट्टीत तर हे सोडूच नका, एका प्लेटवरचे माइट्स रात्रीत दुसऱ्या प्लेटवर बुरशी वाहून नेतात.

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. बरेच जण थर ६० अंशांना तासभर तापवून मारलेल्या ई. कोलायचा लावतात. नमुन्यातून पहिल्यांदा अमीबा काढताना मला जिवंत थर बरा वाटतो, मारलेला थर पुढच्या शुद्धीकरणासाठी. जिवंत थर परक्या जिवाणूंना जागा देत नाही. मात्र तो चिकट, शेंबडा स्ट्रेन नको आणि रंग सोडणारा तर नकोच. स्यूडोमोनास शिरला की हिरवट छटा येते आणि अमीबा मरतात किंवा थेट सिस्टमध्ये जातात.

नळस्टॉप | मंगळ, सकाळी ९:२०

मतभेद मान्य. फक्त मारलेला थर वापरणाऱ्यांनी तो खरंच मेलाय का हे न्यूट्रिएंट अगरवर रेघ ओढून तपासावं. वॉटरबाथचा डायल ६० म्हणतो आणि नळीच्या आत ५५ असतात, हे नेहमीचं आहे.

शेवाळ | मंगळ, दुपारी १:४०

दोघांचे आभार. बाटलीवर डायहायड्रेटच आहे आणि वजन १४२ धरलं होतं! बुरशीबद्दल एक विचारतो: एनएनएमध्ये ॲम्फोटेरिसिन बी घातलं तर?

अगरवाला_नव्हे | मंगळ, दुपारी २:१५

अजिबात नको. नेग्लेरियाच्या मेंदूज्वरावर जे औषध देतात तेच हे. बुरशीबरोबर अमीबाही जाऊ शकतो आणि प्लेट स्वच्छ, निगेटिव्ह आणि खोटी निघेल. बुरशीला हरवायचं ते पळण्यात. अमीबांची आघाडी धाग्यांच्या पुढे गेली की निर्जंतुक पात्याने आघाडीवरचा सेंटिमीटरभर अगरचा चौकोन कापा आणि नव्या प्लेटवर पालथा ठेवा. सुलटा ठेवला तर अमीबा तिथेच वर बसून राहतात. दोन-तीन वेळा असं केलं की बुरशी मागे पडते. हेच चौकोन पुढे उपयोगी.

आता मुख्य मुद्दा, शुद्धीकरण. शेवाळ, तुम्ही प्लेटवरचे चालते अमीबा जिवाणूंसकट पीवायजीत टाकता आणि अँटिबायोटिकवर विसंबता. पीवायजी म्हणजे प्रोटिओज पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ग्लुकोज. जिवाणूंसाठी पंगतच मांडली. पर्यावरणातल्या जिवाणूंपैकी कितीतरी पेन-स्ट्रेपला दाद देत नाहीत.

अकँथामीबासाठी खात्रीचा मार्ग ॲसिडचा. प्लेट १० ते १४ दिवस जुनी होऊ द्या, सगळे सिस्टमध्ये गेले पाहिजेत. सलाइनने धुऊन, खरवडून नळीत घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) ५ ते १० मिनिटं फिरवा, वरचं ओतून द्या. उरलेल्या गोळीवर ३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. हे ३ टक्के वजनाने धरायचे, म्हणजे ३७ टक्क्यांच्या तीव्र ॲसिडमधले साधारण ७ मिली घेऊन १०० मिली करायचे (पाण्यात ॲसिड, उलटं नाही). ३ मिली घेतलं तर ॲसिड निम्म्याहून कमी पडतं आणि जिवाणूंचे स्पोर सोडाच, चिवट जिवाणूही उरतात. सकाळी सलाइनने तीनदा धुवा, धुण्याचा पीएच पट्टीवर बघा. मग अँटिबायोटिक घातलेल्या पीवायजीत.

यानंतर धीर हवा. सिस्ट उघडायला दोन-तीन दिवस सहज लागतात. दुसऱ्या दिवशी 'काहीच नाही' म्हणून फ्लास्क ओतू नये. अर्धवट पिकलेल्या, एकाच भिंतीच्या सिस्ट ॲसिडमध्ये मरतात, म्हणून वर १०-१४ दिवस म्हटलं.

हा मार्ग नेग्लेरियाला लावू नका. त्याच्या सिस्टच्या भिंतीला छिद्रं असतात, त्या ॲसिड सोसत नाहीत. तिथे मारलेल्या जिवाणूंचा थर, अँटिबायोटिक घातलेलं अगर आणि पुन्हा पुन्हा आघाडीचा चौकोन उचलणं, एवढंच हातात आहे.

नळस्टॉप | मंगळ, रात्री ९:५०

पीवायजीचं पूर्ण प्रमाण लिहून ठेवतो, एकदाच. शेवटी १ लिटर होईल असं:

प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, सुमारे ८५० मिली पाण्यात. त्यात स्टॉकमधून ०.४ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १० मिली, ०.१ मोलर सोडियम सायट्रेट ३४ मिली, ०.००५ मोलर फेरस अमोनियम सल्फेट १० मिली, ०.२५ मोलर डायसोडियम फॉस्फेट १० मिली, ०.२५ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १० मिली. सगळं नीट मिसळल्यावर सर्वांत शेवटी ०.०५ मोलर कॅल्शियम क्लोराइड ८ मिली, ढवळत ढवळत. पीएच ६.५. पाण्याने ९५० मिली करा, १२१ अंशांना १५ मिनिटं. गार झाल्यावर वेगळं निर्जंतुक केलेलं २ मोलर ग्लुकोज ५० मिली.

साक्याचं उत्तर या ओळींत आहे. कॅल्शियम आधी गेलं किंवा पीएच ७ च्या वर गेला की फॉस्फेट खाली बसतं. सायट्रेट लोह आणि कॅल्शियम धरून ठेवायला आहे. काही जण 'बफर तर आहेच' म्हणून ते गाळतात आणि मग साका का आला ते विचारतात. फेरस अमोनियम सल्फेटचा स्टॉक पिवळट-तांबूस झाला असेल तर फेकून ताजा करा.

ग्लुकोज पेप्टोनसोबत ऑटोक्लेव्ह केलं की मीडियम चहासारखं तपकिरी होतं. अमीबा त्यातही वाढतात, पण दर बॅचला वेगळे वाढतात. तेव्हा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं घाला. २ मोलर म्हणजे १०० मिलीत ३६ ग्रॅम निर्जल ग्लुकोज. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट असेल तर ३९.६.

खारट_पाणी | मंगळ, रात्री ११:०५

राहिली 'गोल होऊन बसतात' ही तक्रार. तिथे आधी ओळखायचं की गोल म्हणजे काय. तीन वेगळ्या गोष्टी गोल दिसतात.

गोल, पातळ भिंत, रिक्तिका अजून फुगते-मिटते: अमीबा नुसता दचकलाय. थंड मीडियम घातलं, जोरात फिरवलं किंवा क्षारांचा फरक एकदम बसला. ३० अंशांना तासा-दोन तासांत पुन्हा चिकटतो.

गोल, भिंत दुहेरी, आतलं अंग आकसलेलं: सिस्ट. उपासमार, पीएच वर चढणं किंवा प्राणवायू कमी.

गोल, दाणेदार, रिक्तिका थांबलेली, कडा फाटकी: मेलाय. ट्रिपॅन ब्लू आत शिरतो.

तुमच्याकडे पहिल्या दोघांची सरमिसळ असणार. सलाइनमध्ये क्षार मोजून लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आत, आणि पीवायजीत एकट्या ग्लुकोजचंच प्रमाण ०.१ मोलर. रानातून आलेल्या अमीबाला हा धक्का मोठा आहे. मध्ये पायरी घाला: पहिला आठवडा पीवायजी आणि पेज सलाइन निम्मं-निम्मं, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. सुरुवातीची गर्दीही हवी, मिलीला १ लाखाच्या आसपास. पाच-पन्नास अमीबा टाकून फ्लास्क भरण्याची वाट बघणं व्यर्थ.

दुसरं, मीडियमची खोली. टी-२५ फ्लास्कमध्ये (तळ २५ चौरस सेंटिमीटर) ५ मिली, जास्तीत जास्त १०. ५ मिली म्हणजे २ मिमीचा थर. 'जास्त मीडियम म्हणजे जास्त अमीबा' म्हणून २० मिली भरलं की तळाला प्राणवायू पोचत नाही आणि अमीबा सिस्टचा रस्ता धरतात. झाकण अर्धा आटा सैल. कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर लागत नाही, साधा ३० अंशांचा पुरे.

काढताना ट्रिप्सिन नको. फ्लास्क १०-१५ मिनिटं बर्फावर ठेवून तळव्याने थोपटला की सुटतात. ५०० जीवर ५ मिनिटं, त्याहून जोरात नाही. वाढ चांगली असेल तर मिलीला १० लाखांपर्यंत जातात. ७ ते १० दिवसांनी नवीन मीडियम. तळ भरल्यावरही तसाच ठेवला की सिस्ट येणारच.

मुद्दाम सिस्ट हव्या असतील तर नेफचं एन्सिस्टमेंट मीडियम: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ०.४ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १ मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट, २० मिलिमोलर ट्रिस किंवा ॲमेडिऑल, पीएच ८.८ ते ९. अमीबा आधी दोनदा धुवा, पीवायजीचा अंश राहिला तर ते खातच बसतात. २४ तासांत गोल होतात, पक्क्या भिंतीसाठी ७२ तास धरा. भिंतीत सेल्युलोज असल्यामुळे कॅल्कोफ्लोर व्हाइटने निळ्या चकाकतात.

इन्व्हर्टेड | बुध, सकाळी ७:५०

+१. यात एक इशारा. फ्लास्क स्वच्छ दिसला म्हणजे शुद्ध झाला असं नाही. न्यूट्रिएंट अगर, ब्लड अगर आणि थायोग्लायकोलेटवर थेंब टाकून आठवडाभर बघा. तेही निगेटिव्ह आलं तरी अमीबाच्या आत जिवाणू असू शकतो. तो बाहेर वाढत नाही आणि जेंटामायसिन त्याच्यापर्यंत पोचत नाही. डॅपीने (डीएनएला चिकटून चकाकणारा रंग) रंगवून बघा, किंवा जिवाणूंच्या जनुकाचा १६एस पीसीआर करा. लिजिओनेला अकँथामीबाच्या पोटात वाढतो हे रोबोथमनी १९८० मध्ये दाखवलं, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यातल्या अमीबाला कोणी हे शिकवायला नको.

अर्थात हेच काहींचं भांडवल आहे. आयआयटी मुंबईतल्या गटाने पवई तलावाच्या आणि मुंबईच्या सांडपाण्यातून महाविषाणू काढले (पवई लेक मेगाव्हायरस, मिमिव्हायरस बॉम्बे, कुर्लाव्हायरस), ते अकँथामीबालाच आमिष करून. त्या कामाला अमीबा निर्विवाद शुद्ध लागतो, नाहीतर कोण कोणाला मारतंय ते कळायचं नाही.

रानकेवडा | बुध, सकाळी १०:३०

केरळातल्या अमीबाच्या मेंदूज्वराच्या बातम्यांनंतर विचारतेय. नेग्लेरिया फाउलेरीसाठी हेच मीडिया चालतात का? तलावाच्या पाण्याची प्लेट ४४-४५ अंशांना ठेवली आणि अमीबा वाढले, तर तो फाउलेरीच का?

अगरवाला_नव्हे | बुध, दुपारी १२:१०

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ४४ अंश ही चाळणी आहे, ओळख नाही. नेग्लेरिया लोव्हानिएन्सिस हा निरुपद्रवी भाऊबंदही त्याच तापमानाला मजेत वाढतो. दिसायला दोघे सारखे. पीसीआरशिवाय नाव लिहू नये. वर्तमानपत्राला तर कळवूच नये.

नमुना आणताना सगळ्यात मोठी चूक बर्फाची. बाकी सूक्ष्मजीवांसाठी थंड पेटी बरी, फाउलेरी मात्र थंडीत मरतो. तलावाचं पाणी असो की रुग्णाच्या पाठीतलं पाणी, खोलीच्या तापमानालाच आणायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. पाणी १.२ मायक्रॉनच्या सेल्युलोज नायट्रेट फिल्टरमधून गाळा (०.४५ चा गाळाने लगेच बसतो) आणि फिल्टर एनएनएवर पालथा. पाठीतल्या पाण्याची मात्र आधी ताजी स्लाइड बघा. काच किंचित कोमट असेल तर चालणारा अमीबा मिनिटांत दिसतो. कल्चर नंतर.

फ्लॅजेलाची (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) चाचणी सोपी आहे. आघाडीवरचे अमीबा १-२ मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्या, ३७ अंशांना ठेवा, तासातासाने ४ तासांपर्यंत बघा. नेग्लेरिया असेल तर काही नासपतीच्या आकाराचे होऊन दोन फ्लॅजेलांवर गरगर पोहतात. अकँथामीबा हे कधीच करत नाही. चाचणी निगेटिव्ह आली तरी नेग्लेरिया बाद होत नाही, सगळे स्ट्रेन सारखे वळत नाहीत.

मीडियम वेगळं. पीवायजीत फाउलेरीचं भागत नाही, सीरम लागतं. सर्रास वापरतात ते एससीजीवायईएम: केसीन १० ग्रॅम, ग्लुकोज २.५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायसोडियम फॉस्फेट १.३२५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.८, पाणी ९०० मिली, ऑटोक्लेव्हनंतर १०० मिली फीटल बोव्हाइन सीरम. केसीन थंड पाण्यात टाकलं की पनीरासारखे गोळे होतात. आधी डायसोडियम फॉस्फेट विरघळवा, पाणी गरम करा आणि केसीन चिमूट-चिमूट भुरभुरवत ढवळा. सीरम ५६ अंशांना अर्धा तास ठेवलेलं, आणि बाटली गार झाल्यावरच. तापमान ३७.

फाउलेरी नाकावाटे जातो, तेव्हा थेंब उडेल असं काहीही उघड्यावर नको. व्हॉर्टेक्स, जोरात पिपेटिंग, सेंट्रिफ्यूज उघडणं हे सगळं क्लास २ जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीने. शिकवण्यापुरता फ्लॅजेलाचा खेळ दाखवायचा असेल तर नेग्लेरिया ग्रुबेरी घ्या. ३० अंशांच्या आत वाढतो, रोग करत नाही आणि दीड तासात पोहायला लागतो.

रानकेवडा | बुध, दुपारी १२:४५

धन्यवाद, वाचनखूण साठवली. आणि मेंदूत शिरणारा दुसरा अमीबा, बालामुथिया, तो यावर येतो का?

खारट_पाणी | बुध, दुपारी ३:२०

ती वेगळीच जात. एनएनएवर जिवाणूंमध्ये फिरते, पण त्यांच्यावर वाढत नाही. तिला सस्तन प्राण्याच्या पेशींचा थर लागतो: व्हेरो, एमआरसी-५ वगैरे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. नाहीतर दुसरे अमीबा खायला. वाढ इतकी संथ की आठवडे जातात. १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातल्या मँड्रिल माकडाच्या मेंदूतून ती निघाली आणि १९९३ मध्ये गोविंद विश्वेश्वरा, शुस्टर आणि मार्टिनेझ यांनी तिला नाव दिलं. एनएनए निगेटिव्ह आलं म्हणून मेंदूत अमीबा नाही असा रिपोर्ट देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जाता जाता: हा सगळा विषय घाण झालेल्या कल्चरमधून उगवलाय. कॅस्टेलानींना १९३० मध्ये अमीबा सापडला तो यीस्टच्या प्लेटवर. कल्बर्टसन यांना तो पोलिओ लशीच्या कामातल्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींत मिळाला, आणि त्या जातीला कल्बर्टसोनी हे नाव १९७० मध्ये लखनौच्या सिंग आणि दास यांनी दिलं. त्यामुळे तुमच्या टिश्यू कल्चरमध्ये गोल, रिक्तिका मिटणारं काही दिसलं तर ते ओतण्याआधी एकदा एनएनएवर टाका.

पाटीपुस्तक | बुध, सायं. ६:००

आठवीच्या वर्गाला दाखवायला अमीबा प्रोटियस हवा आहे. एनएनएवर येईल का?

इन्व्हर्टेड | बुध, सायं. ६:४०

नाही येणार, गुरुजी. तो मोठा, पाण्यात राहणारा आणि शिकारी, त्याला जिवंत सिलिएट खायला लागतात. चॉकलीचं द्रावण करा: लिटरला सोडियम क्लोराइड १०० मिलिग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ४, कॅल्शियम क्लोराइड ६. काचेच्या उथळ भांड्यात बोटभर ओता, ४-५ उकडलेले गव्हाचे किंवा तांदळाचे दाणे टाका. दाण्यांवर जिवाणू, जिवाणूंवर कोल्पिडियम किंवा कायलोमोनास, त्यांच्यावर प्रोटियस. दाणे जास्त झाले की पाणी कुजतं आणि सगळी साखळी एका रात्रीत संपते. तापमान १८ ते २२ अंश, अंधारात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात असाल तर हा प्रयोग डिसेंबरवर टाका. नळाचं क्लोरीनचं पाणी नको.

शेवाळ | गुरु, रात्री ९:३०

दोन उरलेले प्रश्न. शुद्ध झालेला स्ट्रेन किती दिवस पीवायजीत चालवावा? आणि लेन्स सोल्यूशनची परीक्षा पीवायजीतच घ्यावी का?

नळस्टॉप | गुरु, रात्री १०:४५

पहिल्याचं उत्तर: कमीत कमी. महिनोन्‌महिने पीवायजीत राहिलेला अकँथामीबा आळशी होतो. सिस्ट कमी करतो, रोग करण्याची ताकदही उतरते. नेफ स्ट्रेन, जो १९५७ पासून प्रयोगशाळांमध्ये आहे, तो पीवायजीत झपाट्याने वाढतो ते याच सवयीमुळे. त्याच्या वेगाशी रुग्णाकडून आलेल्या स्ट्रेनची तुलना करून 'मीडियम खराब' ठरवू नका. पहिल्या दोन-चार पॅसेजमध्येच (नव्या मीडियममध्ये बदली) साठा करा. सिस्टचे एनएनए स्लँट, घट्ट बूच लावून ४ अंशांना. किंवा १० टक्के डीएमएसओत मिनिटाला १ अंश गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये. सिस्टची चिवटता दांडगी आहे. वाळवलेल्या सिस्ट २० वर्षांहून अधिक काळाने उघडल्याची नोंद आहे. म्हणूनच टेबल नुसतं अल्कोहोलने पुसून 'निर्जंतुक' झालं असं मानू नका, आणि प्लेट, टिप, फ्लास्क, धुण्याचं पाणी, सगळं ऑटोक्लेव्हमधूनच बाहेर जाऊ दे.

दुसऱ्याचं: नाही. पीवायजीतलं पेप्टोन पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांना बांधून ठेवतं, औषध निम्मं तिथेच खर्ची पडतं आणि अमीबा 'रेझिस्टंट' ठरतो. धुतलेले अमीबा किंवा सिस्ट सलाइनमध्ये घ्या, औषध ठरल्या वेळेपुरतं लावा, मग न्यूट्रलायझरने थांबवा, पुन्हा धुवा आणि एनएनए-ई. कोलायवर टाकून १४ दिवस बघा. ट्रिपॅन ब्लूवर विसंबू नका. सिस्टच्या भिंतीतून तो आत जातोच असं नाही, आणि मेलेली वाटलेली सिस्ट नवव्या दिवशी उघडते. ट्रोफोझॉइटचे (चालते-खाते अमीबा) आणि सिस्टचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहा. आणि त्या डायहायड्रेटच्या बाटलीवर आजच मार्करने १७८ लिहून ठेवा.